ओकुमुरा-सान कुठे थांबतात

५ जानेवारी, रविवार
विद्यापीठाचे पत्र आले. पीएच.डी.ची मुदतवाढ ३० एप्रिलपर्यंत, आणि ती शेवटची. त्यानंतर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द झाल्यास जूनमध्ये कॉलेज माझे कंत्राट वाढवणार नाही, हे प्राचार्यांनी सौजन्याने आधीच सांगून ठेवले आहे.

चिंतेचे कारण नाही. प्रबंध लिहून तयार आहे. प्रस्तावना, पूर्वसूरी, सिद्धांत, सिद्धांताची सिद्धता, आक्षेप, आक्षेपांचे खंडन, निष्कर्ष, ऋणनिर्देश. राहिली आहे ती फक्त सामग्री, म्हणजे एखाद्या जपानी माणसाचे प्रत्यक्ष बोलणे. माझ्या मार्गदर्शक पद्मावती मॅडम यांच्या मते हा क्रम उलटा आहे. मॅडम विदुषी आहेत; परंतु बारा वर्षांपासून पाहतो, स्वभाव घाईचा.

संकल्प: जानेवारीअखेर एक जपानी मिळवणे.

६ जानेवारी
स्वतःच्या स्पष्टतेसाठी विषय पुन्हा मांडून ठेवतो.

माणूस बोलतो तेव्हा शब्दांची सलग धार सोडत नाही. गठ्ठे बांधून देतो. या गठ्ठ्यास मी उच्चारखंड म्हणतो. तोक्योच्या जपानीत खंडाच्या आरंभी स्वर चढतो आणि पुढे उतरत जातो. त्यामुळे नवा खंड कुठे सुरू झाला ते कानाला कळते. आता प्रश्न असा की खंड कुठे पाडायचा, हे ठरवते कोण?

एक पक्ष म्हणतो, व्याकरण. उदाहरणार्थ, 'कुरोइ नेको नो शिप्पो'. काळे, मांजर, ची, शेपूट. यात काळे काय? मराठीत अडचण नाही. 'काळ्या मांजरीची शेपटी' म्हटले की मांजर काळी, 'काळी मांजरीची शेपटी' म्हटले की शेपटी काळी. आपले विशेषण रूप बदलून सांगते. जपानी विशेषण बदलत नाही. तेथे हे काम स्वर करतो. मांजर काळे असेल तर 'कुरोइ नेको नो' एका ओघात उतरत जाते. शेपूट काळे असेल तर 'कुरोइ'नंतर स्वर नव्याने चढतो. किती देखणी व्यवस्था!

दुसरा पक्ष म्हणतो, लांबी. जपानी शब्द आपल्या मात्रावृत्तासारखे मात्रांनी मोजतात. दोन-तीन मात्रांचे आखूड शब्द, व्याकरण काही म्हणो, एकमेकांना चिकटतात. सहा-सात मात्रांचा लांब शब्द स्वतंत्र बिऱ्हाड करतो.

माझा सिद्धांत: व्याकरण घरमालक, लांबी भाडेकरू. भाडेकरूस भिंत पाडण्याचा अधिकार नाही. मॅडम म्हणतात की ती दोघे मिळून घर चालवतात. उपमा संसारी आहे, शास्त्रीय नव्हे.

१२ जानेवारी, रविवार
जपानी मिळाला. महिनाअखेरीच्या किती तरी आधी.

हैदराबादेतल्या आमच्या दिलसुखनगरच्या विहारात आज समितीचे सचिव एकनाथराव एका जपानी गृहस्थांना घेऊन आले. श्री. ओकुमुरा. वय साठीच्या आसपास. शहराबाहेरच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर बसवून देण्यासाठी आलेले इंजिनियर. एप्रिलमध्ये परत जाणार. जपानी म्हणजे बौद्ध, आणि बौद्ध म्हणजे धम्मावर बोलणारच, या हिशेबाने एकनाथरावांनी त्यांना न विचारता प्रवचन जाहीर केले. ओकुमुरा-सान उभे राहिले, पुन्हा पुन्हा वाकले आणि इंग्रजीत म्हणाले की आपणास फक्त कॉम्प्रेसरची माहिती आहे. टाळ्या झाल्या. मागून कोणी तरी ओरडले, "तेच सांगा साहेब, तेवढं तरी कोण सांगतंय!" मग ते कॉम्प्रेसरवर बोलले. चांगले बोलले.

नंतर मी त्यांना माझा सिद्धांत जपानीत समजावून दिला. ते इंग्रजीत उत्तरे देत राहिले. माझ्या जपानीसमोर स्वतःची वापरण्याचा संकोच झाला असावा. कुठले, असे विचारता म्हणाले, तोक्यो. रेकॉर्डिंगला तयार आहेत. जपानी माणूस नाही म्हणत नाही, असे पुस्तकात वाचले होते. ते खरे आहे.

१९ जानेवारी, रविवार
पहिले रेकॉर्डिंग. स्थळ: तारनाक्याचे आमचे घर, आतली खोली. पंखा बंद. कुकरला बंदी. मुलीला, रोशनीला, मैत्रिणीकडे पाठवले. पत्नी दीपमालाने दारातून विचारले, "साखरेचा डबा उघडू, का त्याचाही आवाज तुमच्या जपानला जातो?" उघडू नये असे सांगितले. ओकुमुरा-सान यांनी बिनसाखरेचा चहा पिऊन उत्तम असल्याचे सांगितले.

वाक्ये मी गेली काही वर्षे घडवत होतो. प्रत्येकात शब्दांची लांबी आणि व्याकरणाची जोडणी मोजून ठेवलेली. नमुना: 'काल मॅनेजरच्या मेहुण्याच्या शेजाऱ्याने नारिंगी छत्री विकली.' ओकुमुरा-सान यांनी वाक्य दोनदा वाचून गंभीरपणे विचारले, शेजाऱ्यावर अशी काय वेळ आली? त्यांना समजावले की शेजारी काल्पनिक आहे. तरी पुढच्या वाक्याआधी ते थोडे थांबले.

वातावरण मोकळे राहावे म्हणून मी समोर बसून हुंकार देत होतो. आमच्या मराठवाड्याच्या माणसांत बोलणाऱ्यापुढे तोंड मिटून बसणे म्हणजे त्याला जा म्हणणे. 'मॅनेजरच्या,' हं, 'मेहुण्याच्या शेजाऱ्याने,' हं. वाचन संथ आणि समाधानाचे झाले.

२ फेब्रुवारी, रविवार
विस्मयकारक. खंड नेमके तेथेच पडतात जेथे सिद्धांत सांगतो. अपवाद नाही. लांबीचा प्रभाव शून्य. आखूड शब्दही सुटे, लांबही सुटे. व्याकरणाने बोट दाखवले की ओकुमुरा-सान थांबतात.

दीपमालास सांगितले की मार्चमध्ये प्रबंध सादर होईल. ती म्हणाली, "अहो, मार्च तर दरवर्षी येतो."

८ फेब्रुवारी
पद्मावती मॅडमकडे गेलो. आलेख त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग तेलुगू पद्धतीच्या आदराने म्हणाल्या, "धम्मानंद गारू, माणसाचा डेटा असा नसतो. हा इस्त्री करून आणलाय का?" प्रशंसा नम्रपणे स्वीकारली. मूळ आवाज ऐकायचा आहे म्हणाल्या. मान्य केले.

संकल्प: रोशनीकडून आवाज स्वच्छ करून घेणे. इंजिनियरिंगला आहे, घरच्या घरी उपयोग व्हावा.

१५ फेब्रुवारी
रोशनीने हेडफोन लावून ऐकले. थोड्याच वेळात हेडफोन काढून म्हणाली, "पप्पा, ये हं हं कौन कर रे? कमरे में भैंस थी क्या?"

हुंकाराची प्रथा समजावून सांगितली. ती "हौ, हौ" म्हणाली. मग हुंकार काढून टाकण्यास सांगितले. तिने काढले. आता त्या जागी स्वच्छ शांतता आहे, आणि खंड आधीपेक्षाही ठळक दिसतात. तंत्रज्ञानाचा गौरव करावा तितका थोडा.

रोशनीचे म्हणणे असे की ओकुमुरा अंकल थांबले म्हणून मी हं म्हटले नाही. मी हं म्हटले म्हणून ते थांबले. "तुम्ही सिग्नल दिला, ते ब्रेक मारले." मुलीला कार्यकारणभाव शिकवला जात नाही, ही आजच्या अभियांत्रिकीची शोकांतिका.

२२ फेब्रुवारी
मॅडमने मूळ ध्वनिफीत मागवून ऐकली. (रोशनीने दोन्ही फाइली पाठवल्या होत्या. याचा जाब विचारला. "कैकू छुपाना?" असे उत्तर मिळाले.) मॅडमचा निर्णय: सर्व रेकॉर्डिंग पुन्हा. या वेळी संशोधकाचे तोंड बंद.

निर्णय कठोर आहे, तरी अडचण नाही. सिद्धांत खरा असल्यामुळे निकाल तोच येणार. गप्प बसणे ही काही कला नव्हे.

१ मार्च
गप्प बसण्याचा सराव सुरू. दीपमालास तिच्या रेल्वे ऑफिसातली हकिकत सांगायला लावली. मी हुंकार द्यायचा नाही. तिने नव्या साहेबांनी तिची बदली कशी अडवली ते सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला माझ्या नाकातून हं आला. पुन्हा सुरुवात. या वेळी यशस्वीपणे गप्प राहिलो. दीपमाला मध्येच उठून गेली. नंतर कळले की हकिकत खरी होती आणि ती मला गेल्या आठवड्यापासून सांगायची राहिली होती.

२ मार्च
दीपमाला बोलत नाही. सरावाला माणूस नाही.

५ मार्च
बातम्यांसमोर सराव. वृत्तनिवेदिकेला सतरा वेळा हं म्हणालो. त्यांतले काही नाकातले असल्याने मोजायचे की नाही, हा प्रश्न आहे.

९ मार्च, रविवार
दुसरे रेकॉर्डिंग. तोंडात लवंग धरली होती. पहिले वाक्य संपूर्ण शांततेत गेले. दुसऱ्याच्या मध्यावर ओकुमुरा-सान थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी पाहत राहिलो. त्यांनी इंग्रजीत विचारले, आपली काही चूक झाली का? तिसऱ्यात पुन्हा तेच. चौथ्यात त्यांनी उठून दीपमालास विचारले, सरांची तब्येत बरी नाही का? दीपमाला म्हणाली, "बारा वर्षांपासून असेच आहेत."

कारण माझ्या लक्षात आले. जपानी श्रोताही खंडाखंडाला होकार देत असतो. तो थांबला की बोलणाऱ्याला वाटते, फोन कटला. म्हणजे जगात सुमारे बारा कोटी माणसे अशी आहेत ज्यांना माझा हुंकार कळतो, आणि त्यांच्यासमोरच मला तो द्यायचा नाही.

संकल्प: हुंकाराऐवजी मान हलवणे. मानेचा आवाज रेकॉर्ड होत नाही.

१६ मार्च, रविवार
मान हलवली. निकाल पूर्वीसारखा निर्दोष. रोशनी दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "अब मुंडी से ब्रेक मार रे."

२३ मार्च
मॅडमना मानेविषयी कळले. कसे ते विचारायची गरज नव्हती.

२९ मार्च
ओकुमुरा-सान यांचा निरोप. सरांना त्रास होत असेल तर आपण वाक्ये आपल्या फ्लॅटवर एकटे बसून वाचू आणि फाइल पाठवू. मॅडमला कल्पना पसंत. दीपमालाला पसंत. रोशनी म्हणते हे ती पहिल्या दिवशीच बोलली होती, बोलली असेल.

मला तत्त्वतः अमान्य. समोर माणूस नसताना केलेले बोलणे हे बोलणे नव्हे, तो उच्चारांचा साठा होय. तरी मुदत पाहता संमती दिली.

६ एप्रिल, रविवार
फाइल आली. रोशनीने मांडणी केली.

आखूड शब्द एकमेकांना चिकटले आहेत. व्याकरणाची भिंत असताना. जेथे स्वर नव्याने चढायला हवा, तेथे दोन-दोन मात्रांचे शब्द एका ओघात निघून गेले आहेत. उलट, ज्यांना व्याकरणाने एकत्र बांधले आहे असे लांबलचक शब्द शांतपणे वेगळे झाले आहेत. व्याकरणाचा प्रभाव आहे. लांबीचाही आहे. दोघे मिळून.

रोशनी म्हणाली, "पप्पा, ये तो मस्त है! दोनों चल रे!"

चहा घेतला नाही.

७ एप्रिल
मॅडम अतिशय आनंदात. आजवर त्यांना असे पाहिले नव्हते. म्हणाल्या, "आता तुमच्याकडे प्रबंध आहे. सिद्धांताचे प्रकरण सुधारा, आक्षेपांचे खंडन काढून टाका, निष्कर्षात खरे काय ते लिहा. दोन आठवड्यांचे काम. मी स्वतः वाचून देते." कॉफी मागवली. सोबत उस्मानिया बिस्किटे.

मी म्हटले, विचार करतो. त्या म्हणाल्या, "विचार नको हो, टायपिंग करा."

१० एप्रिल
सुधारणा सुरू. 'व्याकरण हाच एकमेव निर्णायक' या वाक्यातील 'एकमेव' काढायचा आहे. सकाळी काढला. दुपारी वाक्य विद्रूप दिसू लागले म्हणून परत ठेवला.

दीपमाला चहा ठेवून गेली. बोलू लागली आहे. म्हणाली, "अहो, एक शब्दच आहे ना. काढा आणि मोकळे व्हा. जूननंतर माझ्या एकटीच्या पगारावर रोशनीची फी आणि हप्ता कसं जमणार, तेही लिहा कुठेतरी." विषयाशी संबंध नसल्याने लिहिले नाही. येथे लिहिले.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. सर्वजण पांढऱ्या कपड्यांत विहारात. ओकुमुरा-सान यांचा निरोप समारंभही त्यातच उरकला. बुधवारी त्यांचे विमान. या वेळी एकनाथरावांनी आधी विचारून भाषण ठेवले. ओकुमुरा-सान म्हणाले, हैदराबाद आपल्याला दुसरे घर वाटते. आपला जन्म मितोचा; तेथे फेब्रुवारीत उमेच्या, म्हणजे जपानी आलुबुखाराच्या, झाडांना बहर येतो, तसा बहर येथे माणसांना वर्षभर असतो. टाळ्या थांबेनात. दीपमालाने डोळे पुसले.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मितो!

मितोच्या बाजूच्या बोलीत शब्दाशब्दाचा स्वर तोक्योसारखा चढत-उतरत नाही. ही गोष्ट कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडेल. मी तोक्योच्या बोलीचा सिद्धांत मांडला आणि मला सामग्री मिळाली मितोच्या माणसाची. लांबीचा प्रभाव दिसला यात नवल काय? तो तोक्योचा नव्हेच!

घरी परतताना मन कित्येक महिन्यांनी हलके. 'एकमेव' जागच्या जागी राहील.

१५ एप्रिल
मॅडमना सविस्तर पत्र. सामग्री बाद, सिद्धांत अबाधित. बौद्धिक प्रामाणिकपणाला स्मरून सर्व रेकॉर्डिंग प्रबंधातून मागे घेतले आहे.

मॅडमचा फोन. त्यांचा आवाज चढतच राहिला, कुठेही उतरला नाही. हा नमुना नोंद घेण्यासारखा. म्हणाल्या, "तो तोक्योचा आहे असं त्यानेच सांगितलं होतं ना? मग एकदा विचारा त्याला, तुम्ही वाढलात कुठे? एक प्रश्न! उद्या तो जाणार आहे, आजच विचारा!"

मी समजावले की जपानी माणसास त्याच्या मुळाविषयी दुसऱ्यांदा विचारणे म्हणजे पहिल्या उत्तरावर अविश्वास दाखवणे. शिवाय सामान बांधण्याच्या गडबडीत असतील. मॅडम म्हणाल्या, "मी विचारते, नंबर द्या." संशोधकाचा आणि वक्त्याचा संबंध विश्वासाचा असतो. दिला नाही.

१६ एप्रिल
ओकुमुरा-सान गेले. रोशनी विमानतळावर जाऊन आली. तिने त्यांना 'हौ' आणि 'नक्को' शिकवले असून ते आता सर्व प्रश्नांना यांपैकी एक उत्तर देतात, असे ती म्हणाली. तिने काही विचारले का, अशी चौकशी केली. म्हणाली, "तुमीच बोले ना, पूछना नक्को."

२१ एप्रिल
नवा जपानी शोधणे सुरू. सुलतान बाजारातील पुस्तकांच्या दुकानांत चौकशी केली. जपानी शिकवण्याचे एक पुस्तक मिळाले. जपानी मिळाला नाही.

२६ एप्रिल
मॅडमचा निरोप: अजून वेळ आहे, एप्रिलची फाइल घाला, मी सही करते. उत्तर दिले की असत्याच्या पायावर पदवी नको. मॅडमने उत्तरादाखल हात जोडलेले एक चिन्ह पाठवले. आदर व्यक्त केला असावा.

३० एप्रिल
सादर केला नाही.

तत्त्व राखले. दीपमाला ऑफिसातून लवकर आली होती. "जमा केलात?" असे विचारले. नाही म्हटल्यावर चपला न काढता बराच वेळ खुर्चीत बसून राहिली. तिला मितोच्या बोलीविषयी समजावून सांगू लागलो. तिने हुंकार दिला नाही.

७ मे
नोंदणी रद्द झाल्याचे पत्र. प्राचार्यांचेही पत्र, त्याच टपालाने. दोन्हींची भाषा स्वच्छ आहे.

१२ मे, सोमवार
बुद्धपौर्णिमा. ओकुमुरा-सान यांचा शुभेच्छांचा निरोप आला, जपानीत. माझ्याशी प्रथमच जपानीत. घरात सध्या मोठी गडबड आहे, म्हणतात: मुलगी बाळंतपणासाठी तोक्योला त्यांच्या घरी आली आहे. आपल्या वेळी आई अशीच माहेरी मितोला गेली होती. महिन्याभराने बाळाला घेऊन तोक्योला परतली, आणि त्यानंतर आपण पूर्ण शिक्षण व नोकरी तोक्योतच केली, त्यामुळे मितोची बोली आपल्याला धड कळतही नाही. आपली वाक्ये प्रबंधाला उपयोगी पडली असावीत, अशी आशा.

दीपमालास वाचून दाखवले. ती क्षणभर सगळे विसरून हसली. "अगं बाई, त्यांच्याकडेसुद्धा माहेरीच का? आपली रोशनी नाही का लातूरला झाली. तिला लातूरची म्हणून बघा बरं कुणी, मारायला उठेल."

मी सांगितले की जपानमध्ये ही प्रथा जुनी आणि सर्वपरिचित आहे. तिला 'सातोगाएरी' म्हणतात. पाच मात्रा. 'सातो' म्हणजे माहेर, 'गाएरी' म्हणजे परतणे. प्रसूतीच्या थोडे आधी जायचे, महिनाभर राहायचे. त्यामुळे पुष्कळ जपान्यांचे जन्मगाव एक असते आणि बोली दुसरीच. दीपमाला लक्ष देऊन ऐकत होती. हसू मात्र हळूहळू मावळत गेले.

मग म्हणाली, "म्हणजे हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

होते. तिसऱ्या प्रकरणात त्यावर माझी तळटीप आहे: केवळ जन्मगावावरून वक्त्याची बोली ठरवू नये.